माझ्या मागच्या डाव्या चाकाची तक्रार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. वय विचारू नका. माझ्या बरोबरीच्या बहुतेक गाड्या भंगारात गेल्या, एवढ्यावरून काय ते समजा. कारखान्यात माझ्या अंगावर गडद हिरवा रंग चढला, तेव्हा तिथला रंगारी दोन पावले मागे सरकून बराच वेळ बघत राहिला होता. त्याचा मला अजून गर्व आहे, खोटे कशाला बोलू?

मला घरी आणले ते शिवणकाम शिकवणाऱ्या एका आजींच्या मुलाने. तो गाडी चालवायचा आणि आजी मागे डाव्या बाजूला बसायच्या. बसल्या की चपला काढून दोन्ही तळवे खाली टेकवायच्या. जन्मभर पायाने शिलाई मशीन चालवल्यामुळे तशी सवयच लागली होती त्यांना. दर मंगळवारी मी त्यांना शिवणवर्गाला नेत असे. तिथे चौदा मुली कापड घेऊन वाट बघत असायच्या.

सुरुवातीला माझे कौतुक फार झाले. मग नव्याची नवलाई संपली. धुणे महिन्यावर गेले आणि तेलपाणी ‘बघू पुढच्या वेळी’वर. मी निमूट चालत राहिले.

गेल्या वर्षी माझ्या मागच्या डाव्या चाकाचे बेअरिंग झिजले. मागे कोणी बसले आणि वेग वाढला, की बारीक घूंऽऽ असा आवाज यायचा आणि आजींच्या पायाखाली थरथर सुरू व्हायची. पुढे मुलाला यातले काहीच जाणवत नव्हते. पायाला थरथर लागते, असे आजींनी त्याला दोनदा सांगितले. तो काळजीत पडला आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली गत. आजींना ताकदीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मी तशीच घुमत राहिले.

गोळ्यांनी थरथर थांबेना. शेवटी मुलाने ठरवून टाकले की आईला आता प्रवास झेपत नाही, तेव्हा शिवणवर्ग बंद. आजी वाद घालत बसल्या नाहीत. मुलींचा निरोप घ्यायला एकदा जाऊन येते, एवढेच म्हणाल्या. मला बोलता येत नाही याचे इतके वाईट त्याआधी कधी वाटले नव्हते.

निरोपाच्या त्या मंगळवारी मुलाने वाटेत तेल बदलायला गॅरेजजवळ गाडी थांबवली. गॅरेजच्या मिस्त्रींनी तेल बदलले, एकट्यानेच मला एक चक्कर मारून आणले आणि गाडी ठणठणीत असल्याचे सांगितले. मागची सीट रिकामी होती, मग मी काय आवाज करणार? पण स्टुलावर बसलेल्या आजी म्हणाल्या, मागे बसल्यावर थरथर होते. मुलगा घाईने म्हणाला, तिच्या पायांना त्रास आहे. मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलेसुद्धा नाही.

“मावशी, तुम्ही मागे बसा,” ते म्हणाले. “थरथर कधी वाढते तेवढं सांगत राहा.”

आम्ही पुन्हा निघालो. मुलगा पुढे मिस्त्रींच्या शेजारी बसला होता. दोन चौक झाल्यावर आजी शांतपणे म्हणाल्या, “उजवीकडे वळलं की वाढते, डावीकडे वळलं की कमी होते. दुखणं माझ्या पायांचं असतं, तर त्यांना वळण कसं कळलं असतं?”

मिस्त्री हसले. उजव्या वळणावर भार डाव्या चाकावर येतो, हे त्यांना सांगावे लागले नाही. परत येऊन त्यांनी मला जॅकवर चढवले आणि ते चाक हाताने फिरवले. मुलाला जवळच्या स्प्रिंगवर हात ठेवायला लावला. आतली खरखर त्याच्या बोटांना स्पष्ट लागली. अजून काही दिवस असेच गेले असते, तर ते चाक भर रस्त्यात जाम झाले असते, असे मिस्त्री म्हणाले.

मुलगा तिथेच उकिडवा बसला आणि म्हणाला, “आई, मी तुझं ऐकलंच नाही गं.”

“ऐकलंस की,” आजी म्हणाल्या. “पण म्हातारपण आहे म्हणून सोडून दिलंस.”

मित्रांनो, माझे बेअरिंग तासाभरात बदलले गेले. म्हणून म्हणते, तुमच्या घरात कोणी मागे बसून काही सांगत असेल, तर उत्तर देण्याआधी एकदा त्यांच्या शेजारी जाऊन बसा. त्या दिवशी बेअरिंग बदलून आम्ही शिवणवर्गाला उशिराच पोचलो. चौदाही मुली थांबल्या होत्या. आजींनी निरोप घेतलाच नाही. त्यांनी खडू उचलला आणि बाही कापायला शिकवली.