तोंड दाबलेला पाइप

मित्रांनो, तुम्ही मला कधी निरखून पाहिले नसेल, पण ऐकले नक्की असेल. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की वरून पाणी धो धो कोसळते ना? तोच मी, ओव्हरफ्लोचा पाइप. वय बावीस वर्षे. स्वभावाने डूख धरणारा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मला बसवणारा प्लंबर जाणता होता. माझे तोंड त्याने मुद्दाम अंगणावर काढले. "याने बोंब मारायलाच हवी," तो म्हणाला. मीही कधी कसूर केली नाही. अंगणातल्या फरशीवर असा आदळायचो की तळमजल्यावरच्या मावशी खिडकीतून ओरडत, "अहो सेक्रेटरी, मोटर बंद करा! पाणी चाललंय!"

सेक्रेटरी म्हणजे माझ्या टाकीचा मालक. वरच्या मजल्यावर राहायचा आणि इमारतीचा कारभार बघायचा. वरच्या सगळ्या बिऱ्हाडांच्या गच्चीवर वेगवेगळ्या टाक्या होत्या, पण खाली सर्वांची टाकी एकच. ती दिवसातून एकदाच भरे. मावशींकडे मोटर नव्हती. त्या सगळ्यांच्या शेवटी, दहाच्या सुमारास, बादलीने पाणी काढत. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले. त्यांची चादर रोज धुवावी लागे.

रोजच्या हाकाटीने सेक्रेटरीला चारचौघांत कानकोंडे व्हायला होई. यावर बटण वेळेवर बंद करायचे की नाही? छे! त्याने प्लंबरला बोलावले.

"याचं तोंड आतून ने आणि सांडपाण्याच्या पाइपात सोड."

"साहेब, मग टाकी भरलेली कळणार कशी?"

"कळायला नकोच आहे कोणाला. लवकर आटप."

माझ्या अंगणातल्या तोंडाला आतून बूच बसले. मला वळवून सेक्रेटरीच्या दिवाणखान्यात, पीओपीच्या नव्या छतामागे लपवले. घाईघाईत जोडही नीट वाळू दिला नाही. त्यानंतर टाकी रोज वाहायची आणि मी ते चांगले पाणी गुपचूप घाणीत सोडायचो. माझा नुसता संताप व्हायचा.

एके दिवशी मावशी वर आल्या. "माझ्या वाट्याला पाणीच उरत नाही हो. तुमची टाकी वाहत नाही ना?"

सेक्रेटरीने त्यांना अंगणात नेऊन माझे कोरडे टोक दाखवले. "बघा, टिपूस तरी आहे का? आमच्याकडे एक थेंब वाया जात नाही."

"मीच मेली संशयी," म्हणत मावशी ओशाळून परतल्या. चादर दिवसाआड धुतली जाऊ लागली. यजमानांच्या पाठीवर पुरळ उठले.

माझ्या तोंडात घाण कोंबली ती कोंबलीच, वर मला खोटा साक्षीदार केले! त्या दिवसापासून मी त्याच्यावर दात धरला. दुपारी छत तापले की मी फुगायचो, संध्याकाळी आकसायचो आणि त्या कच्च्या जोडातून रोज केसभर सरकायचो. मला घाई नव्हती.

रविवारी सकाळी नऊला सगळी बिऱ्हाडे सेक्रेटरीच्या दिवाणखान्यात जमली. विषय एकच, पाणी पुरत नाही. सेक्रेटरी कागद हातात घेऊन उभा राहिला. "आमच्याकडे एक थेंब वाया जात नाही. पण तळमजल्यावर चादरींवर चादरी धुतल्या जातात. माझा ठराव आहे, मावशींनी दिवसाआड दोनच बादल्या घ्याव्यात."

मावशींनी मान खाली घातली. मोटर पहाटेपासून चालू होती. सेक्रेटरी बटण विसरला होता, आणि आठवण करून द्यायला माझे तोंड मोकळे कुठे होते? मी जोड सोडला.

पीओपीचा भला मोठा तुकडा धप्पकन खाली आला आणि त्यामागून मी आलो! सेक्रेटरीच्या भांग पाडलेल्या डोक्यावर, ठरावावर, नव्या सोफ्यावर, कुठेही हात आखडता घेतला नाही. पांढऱ्या लगद्याने त्याचे तोंड माखले. शेजारचे आजोबा पाय वर घेत म्हणाले, "सेक्रेटरी, हा कितवा थेंब म्हणायचा?" सगळे खो खो हसले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा क्षण होता.

जो तो टीव्ही आणि गाद्या उचलायला धावला. मोटर बंद करायला खाली गेल्या त्या एकट्या मावशी. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात रिकामी बादली आणि फडके होते. जमिनीवरचे पाणी फडक्याने टिपून त्या बादलीत पिळू लागल्या.

"राहू द्या मावशी, आम्ही पुसतो," सेक्रेटरीची बायको म्हणाली.

"पुसत नाहीये गं, भरतेय. खालची टाकी कोरडी पडलीय. आज यांची चादर कशात धुऊ?"

 माझा सारा आनंद ओसरला. मी ज्याच्या डोक्यावर खुशाल ओतले, तो टॉवेलने डोके पुसून मोकळा झाला होता. ओतलेले पाणी मात्र मावशींच्या वाट्याचे होते.

आता माझे तोंड पुन्हा अंगणावर आहे. सेक्रेटरीवरचा राग गेलेला नाही आणि जाणारही नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरची टाकी भरली की उठा आणि बटण बंद करा. ओरडणाऱ्या पाइपाचे तोंड दाबू नका. आम्हालाही सूड उगवावासा वाटतो, आणि आमच्या हाती पाण्यावाचून दुसरे काहीच नसते.