बाजीरावांची लक्ष्मी

मित्रांनो, मी एक म्हातारी कासवी आहे. माझी पाठ परातीएवढी आहे, मान लांब आहे, आणि राग मानेपेक्षाही लांब आहे. कासवं फार शांत असतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्याने कासवाला कधी विचारलेलं नाही.

माझा जन्म नीरा नदीच्या वाळूतला. सारोळ्याच्या पुलाखाली मी सुखात वाढत होते. एक दिवस जाळ्यात सापडले आणि बाजीरावांनी मला घरी नेलं. विहिरीत कासव असलं की पाणी नितळ राहतं आणि घरात लक्ष्मी नांदते, अशी तिकडची समजूत. त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं, लक्ष्मी नाव ठेवलं आणि विहिरीत सोडलं. इथवर माझी फारशी तक्रार नव्हती.

पुढे दोघा भावांची वाटणी झाली. विहीर निम्मी निम्मी झाली आणि बाजीरावांच्या डोक्यात किडा वळवळला. कासव धाकट्याच्या बाजूला गेलं तर लक्ष्मीही त्याच्याकडे जाईल! माझ्या पाठीची कड दगडासारखी नाही, चामड्यासारखी मऊ आहे. तापलेल्या सळईने त्यांनी तिला भोक पाडलं, तार ओवली आणि मला आपल्या बाजूच्या कडीला बांधून टाकलं. तार तीन हातांची. बारा वर्षं मी तेवढ्यातच फिरले. पाहुणे आले की बाजीराव "लक्षुमे, ये ये!" म्हणत आणि हळूच तार ओढत. मी कळवळत वर येई. पाहुणे हात जोडत.

त्या बारा वर्षांत मी एकच इच्छा धरली. या माणसाचं एक बोट माझ्या तोंडात यावं.

शेवटी गाळ काढायला उतरलेल्या रतनबाईंना तार दिसली. त्यांनी तिथूनच वनखात्याला फोन लावला. वनखात्याची माणसं आली, तेव्हा तार कुणी बांधली ते दोघा भावांपैकी कुणीच कबूल केलं नाही. तेव्हापासून मी भाटघर धरणाजवळच्या कासव केंद्रात आहे. तार निघाली, भोक मात्र राहिलं. अश्विनीताई आमची देखभाल करते. वाटेने जाणारे प्रवासी गाड्या थांबवून आम्हाला बघायला येतात.

गेल्या महिन्यात भोरला लग्नाला निघालेली एक जीप अशीच थांबली. आजोबांचं बोट धरून वैष्णवी नावाची मुलगी हौदापाशी आली. आजोबा कोण? बाजीराव! मी त्यांना लगेच ओळखलं, आणि त्यांनी मला.

"आगं, ही तर माझी लक्षुमी! ही गेली आन् माझी हीर आटली. ताई, माझी मला द्या."

"तुमचीच कशावरून, बाबा?" अश्विनीताईने विचारलं.

"वळखती मला. हाक मारली की येती. बघाच तुमी."

त्यांनी मोकळा हात पाण्यात घालून बोटं हलवली. "लक्षुमे, ये ये!"

पाचही बोटं समोर! माझे जबडे शिवशिवले. पण चावायचं तर वर जायला हवं, आणि वर गेले की मी हाकेला आले असं ठरणार. मग पुन्हा ती विहीर. मी तळाशी चिखलात रुतून बसले. इतका कडक उपास मी जन्मात केला नव्हता.

बाजीराव हाका मारून घामाघूम झाले. लोक हसू लागले, तसे ते चिडले. "उजव्या कडंला भोक हाय बघा तिच्या! म्या सोता पाडलंय, सळई तापवून!"

हसणं थांबलं. वैष्णवीने विचारलं, "आबा, जित्या कासवाला?"

"मग? तार बांधल्याबिगर ऱ्हाती व्हय ती?"

"म्हंजी ती हाक ऐकून येत न्हवती. तुमी वढत व्हता."

तेव्हा मी वर आले. वैष्णवीच्या समोर आले, पाठ कलती केली आणि भोक तिला नीट दिसेपर्यंत थांबले. तिने वाकून पाहिलं आणि आजोबांचं बोट सोडलं. अश्विनीताईने वही उघडली. "बाबा, पूर्ण नाव सांगा. वनखात्याला कळवावं लागेल." बाजीरावांना स्वतःचं नाव पटकन आठवेना. जीप निघाली तेव्हा वैष्णवी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. आजोबा मागे एकटे होते. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी क्षमा करायची असते म्हणे. मी केलेली नाही. तुम्ही एवढंच करा, कासव दिसलं तर त्याला त्याच्या नदीत राहू द्या. आम्ही खूप वर्षं जगतो, आणि चेहरा विसरत नाही.