आजोबांचा हात आणि माझं गोल बटण

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तोच मी. माझं उजवीकडचं गोल बटण बघा, घासून घासून पार गुळगुळीत झालंय!

माझी उमेदीची सगळी वर्षं गेम बनवणाऱ्या एका ऑफिसात गेली. तिथे नवे गेम खेळून त्यातल्या चुका शोधणारा एक गृहस्थ होता. सगळे त्याला 'वादळ' म्हणत. पडद्यावर अक्षरं उमटली रे उमटली, की त्याचा अंगठा माझ्या गोल बटणावर! टक टक टक, गोष्ट पुढे. वाचायचं नावच नाही. सगळे त्याच्या वेगाचं कौतुक करायचे आणि मीही शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू?

शेजारच्या टेबलावर लेखिकाताई बसायच्या. नव्या गेममध्ये एक नात आपल्या विसरभोळ्या आजोबांना घरी घेऊन जाते. ताईंचे स्वतःचे आजोबा नुकतेच वारले होते. त्यांचंच बोलणं आठवून आठवून त्यांनी या आजोबांची वाक्यं लिहिली होती. वादळाने ती सगळी न वाचताच टक टक करत उडवली.

ते बघून ऑफिसचे साहेब म्हणाले, "ताई, वाचतंय कोण? शुक्रवारी आजोबांचं बोलणं काढून टाकू."

ताईंचे डोळे भरून आले. या पापाचा धनी मीच, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्यात त्यांनी मला उचललं. "याच बटणाने घालवलं ना? मग आता यालाच राखू दे!" म्हणत त्या तडक प्रोग्रामरकडे गेल्या.

गुरुवारी वादळ पुन्हा खेळायला बसला. आता बटण दाबून धरलं, की नात आजोबांचा हात धरायची. हात धरलेला असेपर्यंतच आजोबा चालायचे आणि बोलायचे. वादळाने सवयीने टक टक केलं. आजोबा दर वेळी अर्ध्या वाक्यात थबकले आणि विचारू लागले, "अगं, कुठे गेलीस?"

वादळ वरमला. मग त्याने बटण घट्ट दाबून धरलं, ते घर येईपर्यंत.

दारात आजोबा म्हणाले, "पोचलो गं बाळा. सोड आता हात."

अंगठा हलेना. मागे उभे असलेले साहेब म्हणाले, "अरे, सोड की!"

"सोडवत नाही हो, साहेब."

आजोबांचं एक अक्षरही काढलं गेलं नाही.

आता मी खणात पडून असतो. मित्रांनो, माझ्यासारख्यांना कधीतरी पुसा, वायर नीट गुंडाळून ठेवा. आणि घरातलं म्हातारं माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगायला लागलं, तर कंटाळू नका. "सोड आता" असं ते स्वतः म्हणेपर्यंत हात धरून ठेवा.