युसरच्या वजनाचं पाणी

"माझ्या हातातलं काम काढून घेऊ नकोस, आमना. एकदा बसवलंस तर मला पुन्हा उठता येणार नाही."

उम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला हे दोन हिवाळ्यांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हा त्या न्यूमोनियातून नुकत्याच बऱ्या झाल्या होत्या. मी हसले आणि त्यांच्या पाठीशी आणखी एक उशी सरकवली. ट्युनिशियातल्या आमच्या केफ गावात सासू स्वतः पाणी घ्यायला उठली की गल्ली सुनेला नावं ठेवते. त्यात मी शिकलेली, शाळेत विज्ञान शिकवणारी. माझ्यावर नजर जरा जास्तच. मग पाणी हातात, ताट पुढ्यात, चपला पायाशी. कुसकुस, म्हणजे रव्याचे बारीक दाणे, वळायची लाकडी परात मी उचलून माळ्यावर टाकली.

यंदाच्या जूनमध्ये एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली अंगणात उम्मी बाकावर होत्या, माझी चौदा महिन्यांची युसर त्यांच्या पायाशी, आणि चहाची पेटती शेगडी चार पावलांवर. खालून हाक आली. त्या हाकेत माझं नाव नव्हतं, नुसता आवाज होता. मी धावत उतरले. युसर रांगत शेगडीपासून हातभर अंतरावर पोचली होती. उम्मी एक हात बाकावर रोवून अर्ध्यात अडकल्या होत्या. उठता येईना, बसताही येईना. दुसऱ्या हाताने त्या काठी फरशीवर आपटत होत्या, पोरीने वळून बघावं म्हणून.

युसरला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून मी तिला त्यांच्यापाशी एकटं सोडलं नाही.  पंधरा सप्टेंबरला शाळा उघडणार होती, आणि मी कामावर गेले की पोरीला उम्मी सांभाळणार हे तिच्या जन्माआधीच ठरलं होतं.

आठवड्याने मी भांडी घासत असताना त्या म्हणाल्या, "पाळणाघर बघून आलीस म्हणे."

"नुसती चौकशी केली, उम्मी."

"खोटं बोलताना तू पातेलं फार जोरात घासतेस." मग थोड्या वेळाने, "शाळा उघडेपर्यंत मला मुदत दे. तिला जमिनीवरून उचलून दाखवते. नाही जमलं तर खुशाल घाल पाळणाघरात. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

दवाखान्यात व्यायामोपचार करणाऱ्या हायेतबाई आहेत. डॉक्टरांनी छाती, रक्तदाब तपासून होकार दिल्यावर त्यांनी उम्मींना खुर्चीत बसवलं, हात छातीवर घडी घालायला लावले आणि म्हणाल्या, "उठा." उम्मींनी तीनदा जोर केला. जागच्या हलल्या नाहीत.

"हा आजार नाही," हायेतबाई म्हणाल्या. "वापर नाही म्हणून पाय आटलेत. त्यांना ओझं द्यायचं, आठवड्यातून तीन दिवस, आणि हळूहळू वाढवायचं. अंडी, हरभरे पोटभर. थकवा आला तर चालेल, सांधा दुखला तर थांबायचं." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही जवळ उभं राहायचं, पण हात मागे बांधून."

सगळ्यात अवघड काम माझ्याच वाट्याला आलं.

खुर्चीवर लोकरीच्या तीन घोंगड्या घातल्या. बैठक उंच, म्हणून उठणं सोपं. दहा वेळा उठायचं, दहा वेळा बसायचं, तेही सावकाश, धपकन नाही. दोन आठवड्यांनी एक घोंगडी काढायची. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. दाराच्या कडीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बांधली, ती छातीकडे ओढायची. आणि ऑलिव्ह तेलाचे दोन रिकामे कॅन होते, ते दोन हातांत घेऊन अंगण चालायचं. सुरुवातीला प्रत्येकात लिटरभर पाणी. उम्मींना ते मान्य नव्हतं.

"युसर किती भरली?"

"दहा किलो दोनशे."

"मग दोन्ही कॅन मिळून तेवढे झाले पाहिजेत. आज एकेक पेला वाढव."

"हायेतबाई म्हणाल्या हळूहळू."

"पेल्यापेक्षा हळू काय असतं?"

समोरच्या दलंदाबाईंनी उघड्या दारातून हे पाहिलं. "काय गं आमना, म्हाताऱ्या सासूला पाणी वाहायला लावतेस? शिकून हेच शिकलीस?"

 मी कॅन घ्यायला हात पुढे केला. उम्मींनी तो कोपराने बाजूला सारला.

"दलंदा, आत ये. हा एक उचलून दाखव, मग बोल."

"मी कशाला उचलू? माझी सून मला गादीवरून उठू देत नाही."

"दिसतंय. गादीचा आकार आलाय तुला."

दलंदाबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. गल्ली मात्र बोलत राहिली. मी दार लावायला लागले. उम्मी ते उघडायच्या.

ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांचा गुडघा सुजला. खोदून विचारल्यावर कळलं, मी बाजारात गेले असताना त्यांनी उरलेल्या दोन्ही घोंगड्या एकदम काढून पंचवीस वेळा उठबस केली होती. माझा नवरा लझर वैतागला. "पुरे आता, उम्मी. हे काय तुझं वय आहे?"

"तुझं किती रे? एकोणचाळीस. गच्चीवरून उतरलास तरी धापा टाकतोस. उद्यापासून तूही ये."

हायेतबाईंनी आठ दिवस पायांना विश्रांती दिली आणि दोन्ही घोंगड्या परत घातल्या. उम्मी त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवल्या, आणि बसल्या बसल्या ट्यूब ओढत राहिल्या.

सप्टेंबर उजाडला. घोंगड्या पुन्हा एकेक करून निघाल्या. युसर आता चालायला लागली होती आणि उन्हाळाभर जेवत होती. कॅनमध्ये पेले पडतच होते.

बारा तारखेला सकाळी युसर पातेल्याचं झाकण घेऊन फरशीवर बसली होती. उम्मी नुसत्या खुर्चीवर. त्यांनी हात छातीवर घेतले आणि उठल्या. चार पावलं चालून एक गुडघा फरशीवर अंथरलेल्या मेंढीच्या कातड्यावर टेकला, पोरीला दुसऱ्या मांडीवर ओढलं आणि छातीशी धरलं. मग उठायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. मांडी थरथरत होती. पाठीमागे माझी नखं माझ्याच मनगटात रुतली होती.

"आमना, हात..."

मी झेपावले.

"हात मागे ठेव म्हणतेय."

मी ठेवले. किती वेळ गेला सांगता येत नाही. त्या उभ्या राहिल्या, झाकणासकट युसरला घेऊन.

"पाणी बरं होतं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पाणी लाथा मारत नाही."

मी आता शाळेत जाते. मधल्या सुट्टीत फोन करतेच. ती सवय जाणार नाही. उम्मी म्हणतात, "आम्ही कामात आहोत," आणि ठेवून देतात.

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जिला तुम्ही मायेने जागचं हलू देत नाही. आज जेवायच्या आधी तिच्याकडे जा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत तिला बसवा, हात छातीवर घ्यायला सांगा आणि एकदा उठायला सांगा. तुम्ही अगदी जवळ उभे राहा, पण आधार देऊ नका. ती कशी उठते ते नीट बघा. उठली नाही, तर उद्याच कुणा जाणकाराला दाखवा. पण आज जाऊन बघा.