भिमाजीने विचारलं

मळवलीजवळच्या रेल्वे फाटकावर भिमाजीची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. एवढ्या काळात त्याने फाटक लावलं ते कानाच्या जोरावर. लांब वळणापलीकडे इंजिनाची भकभक सुरू झाली, की येतेय ती मालगाडी का मेल, हे तो रुळांकडे न बघता सांगे. गाडीवान मुद्दाम थांबून विचारत, "भिमाजीभाऊ, कोन येतीया?" तो सांगे आणि ते खरं निघे. पंचक्रोशीत त्याला मान होता तो या कानांमुळे.

मग रुळांवर तारा आल्या आणि पुण्यापर्यंत विजेची इंजिनं धावू लागली. त्यांना ना धूर, ना भकभक. वळणाआडून गाडी अंगावर आली म्हणजेच कळायचं. चौकीत एक टेलिफोन बसवला गेला. गाडी निघाली की स्टेशनातून मास्तर घंटी देणार. शंका वाटली तर भिमाजीने हँडल फिरवून विचारायचं. भिमाजी "व्हय साहेब" म्हणाला, पण हँडलला त्याने हात लावला नाही.

घंटीवर त्याचा भरवसा बसेना. मास्तर विसरला तर? आणि विचारायचं म्हटलं तर जीभ रेटेना. आजवर लोक आपल्याला विचारत आले; आता आपण दुसऱ्याला विचारायचं? मग त्याने आपला एक मार्ग काढला. घंटीची वाट न बघता तो फाटक आधीच लावून टाकी आणि गाडी जाईपर्यंत लावून ठेवी. बैलगाड्या खोळंबत, माणसं चिडत. भिमाजी हिरवं निशाण घट्ट धरून वळणाकडे डोळे लावून उभा असे. त्याचा जबडा आवळलेला असायचा. झोपेतसुद्धा तो दचकून उठे आणि अनवाणी फाटक बघून येई.

त्याची बायको बयाबाई हे सगळं बघत होती. एक दिवस ती म्हणाली, "अवं, त्या यंत्राला इच्यारलं तर काय जातंय?"

"माजे कान काय गेल्यात?"

"कान हायेत. पर गाडीच बोलायची थांबली, त्याला कान काय करत्याल?"

भिमाजी उठून फाटकाकडे गेला. तिचं बरोबर आहे हे त्याला कळत होतं, आणि तेच त्याला सोसत नव्हतं.

वैशाखात एका दुपारी उतरत्या उन्हाला पवन मावळातून एक वऱ्हाड आलं. लग्न रुळांपलीकडच्या वाडीत होतं, गोरज मुहूर्तावर. भिमाजीने नेहमीप्रमाणे फाटक लावूनच ठेवलं होतं. गाड्यांची रांग लागली. वाजंत्री वाजवून वाजवून थकले. नवरदेवाचा चुलता दोनदा येऊन तणतणला. भिमाजी हलला नाही. त्याच्या पाठीवरून घाम वाहत होता.

शेवटी नवरदेवाची आई गाडीतून उतरली. कस्तुराबाई तिचं नाव. पदर सावरत ती फाटकापाशी आली आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, गाडी येतीया का?"

तिच्या बोलण्यात राग असता तर भिमाजी तिच्यावर खेकसला असता. पण ती खरंच विचारत होती. त्याच्या तोंडून निघून गेलं, "ठाव न्हाई, मावशी."

हे शब्द तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला होता. आता ही हसेल असं त्याला वाटलं. कस्तुराबाई हसली नाही.

"मग कुणाला ठाव हाय?"

"ठेसनात मास्तरला."

"तर त्यास्नी इच्यारा की. आमी थांबतो."

भिमाजी चौकीत गेला. त्याने एक खोल श्वास घेतला, सावकाश सोडला आणि हँडल फिरवलं. पलीकडून मास्तरचा आवाज आला. "गाडी अजून लोणावळ्यातच उभी आहे, भिमाजी. खुशाल उघड. निघाली की घंटी देतोच."

खरी कसोटी पुढे होती. फाटकाला हात घालताना त्याचा कान सवयीने वळणाकडे गेला. तिकडे सामसूम होती, आणि या सामसुमीलाच तो इतके महिने भीत आला होता. तो क्षणभर थांबला, मग त्याने फाटक सताड उघडलं. एकेक करून गाड्या रूळ ओलांडून गेल्या. शेवटची गाडी पार दिसेनाशी झाल्यावर घंटी वाजली. त्याने फाटक लावलं आणि बऱ्याच वेळाने विजेची गाडी सरसरत निघून गेली. निशाण धरलेली त्याची मूठ सैल होती.

भीती एका दिवसात गेली नाही. पुढचे कितीतरी दिवस फाटक उघडताना ती परत येई. आली की तो आधी श्वास सोडी, मग हँडल फिरवी. सुरुवातीला तो इतक्यांदा विचारी, की मास्तर वैतागून म्हणे, "अरे, आत्ताच तर सांगितलं." भिमाजी म्हणे, "पुन्ना सांगा, साहेब." हळूहळू विचारणं कमी झालं आणि घंटीवर भरवसा बसला. तोवर पावसाळा सरत आला होता.

पुढे लढाईच्या काळात त्या रुळांवरून रात्रंदिवस लष्कराच्या गाड्या धावू लागल्या, तेव्हा भल्याभल्यांची तारांबळ उडाली. बदलीवर आलेला एक तरुण फाटकवाला, सोपान, पहिल्याच दिवशी रडकुंडीला आला.

"भाऊ, मला काय बी उमगंना," तो म्हणाला.

"लय ब्येस," भिमाजी म्हणाला. "असंच सांगत जा. मला ह्ये सांगाया लय दिस लागलं." आणि टेलिफोन कसा धरायचा ते दाखवायला तो त्याला चौकीत घेऊन गेला.