मांड्याच्या खापरावरचा दगड

कामिनीचा प्रकल्प संपायला चार दिवस उरले आणि जळगावच्या आमच्या कॉलेजातली विजेची भट्टी बंद पडली. मी तिथला भौतिकशास्त्राचा मास्तर. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. काळा दगड तापत जाईल तसा त्याचा विजेला होणारा विरोध किती घटतो, ते तिला मोजायचं होतं. त्यासाठी तापमान वीस-वीस मिनिटं एका जागी थांबायला हवं. सोमवारी आकडे नसले तर पोरीचं वर्ष बुडणार होतं.

"सावद्याला आमच्या घरी चला, सर. आई मांडे करते," ती म्हणाली. मला वाटलं, जेवायला बोलावतेय.

तिची आई इंदिराबाई लग्नाकार्यात मांडे करून देतात. पालथं खापर, खाली पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ आणि वर पातळ मांडा. आम्ही तारा जोडलेला दगड खापरावर ठेवला. खापर तापलं का ते पाहायला इंदिराबाईंनी सवयीनं पाण्याचा हबका मारला.

मीटरवरचा आकडा धाडकन उतरला. कामिनी हरखली, मी डाफरलो. ओल्या दगडातून वीज जाणारच, त्यात उष्णतेची काय कमाल?

"चुकलं माहं," इंदिराबाई शांतपणे म्हणाल्या. "सुकू द्या त्याले."

तासाभरानं दगडावर मडकं झाकून पुन्हा सुरुवात केली. मी तापमापकावरचा आकडा सांगायचो, त्या खापराजवळ तळहात धरून एक काडी ओढायच्या, दुसरी सारायच्या. वीस मिनिटांत तापमान दोन अंशांपलीकडे हललं नाही. आमची भट्टी धडधाकट असताना दहा अंश भटकायची. तीस वर्षं मी उष्णता शिकवतोय, पण ती अशी मुठीत ठेवणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं.

आकडे सुरेख आले. तरी निघताना मी कामिनीला म्हणालो, "अहवालात विजेची भट्टी लिही. खापर वाचून परीक्षक हसतील." ती तारा गुंडाळत राहिली.

सोमवारी परीक्षकांनी मोठ्यानं वाचलं, "साधन: मांड्याचं खापर. तापमान स्थिर ठेवलं: इंदिराबाई, सावदा." मी मान खाली घातली. ते हसले नाहीत. आलेख बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "इतकं स्थिर कसं ठेवलं?"

"ते मला येत नाही, सर. आईला येतं," कामिनी म्हणाली.

ती पास झाली. अहवाल सहीसाठी माझ्यापुढे आला. मार्गदर्शकाच्या जागी माझं नाव छापलेलं होतं. मला लाज वाटली. लेकीबरोबर येऊन व्हरांड्यात बसलेल्या इंदिराबाईंना मी आत बोलावलं, माझी खुर्ची दिली आणि पेन पुढे केलं.

"मले कायले, सर?"

"आधी तुमची," मी म्हणालो. त्यांनी सावकाश सही केली. तिच्याखाली मी माझी केली.