पूर्वाच्या भल्यासाठी

यादी लागली आणि ऑफिसात लोक ललिताशी गोड बोलू लागले. खरं तर तिला तिथंच खटकायला हवं होतं.

हडपसरच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत चाळीसएक माणसं तिच्या हाताखाली होती. मागून सगळे तिला ‘हेडबाई’ म्हणत. रजा नाकारली की ‘बाई असून मन नाही’. रजा दिली की ‘शेवटी बाईच’. मीटिंगमध्ये आवाज चढला तर घरी काहीतरी बिनसलं असणार. हळू बोलली तर श्रीनिवाससर, म्हणजे तिचे साहेब, जाताजाता सांगणार, “मॅडम, जरा ठामपणे.” हा ठामपणा चमचाभर घालायचा की वाटीभर, हे मात्र कुणी सांगत नसे. पुरुषांना तो मापून घालावा लागत नाही.

आणि आता अचानक कौतुक. कारण काय, तर सहा महिने अमेरिकेला क्लायंटकडे जायच्या यादीतून तिनं पूर्वाचं नाव काढलं आणि तिच्याच टीममधल्या सलिलचं घातलं. पूर्वाचं बाळ दहा महिन्यांचं. “एवढ्या लहान लेकराला सोडून तिला कुठं पाठवायचं,” असं ललिता मीटिंगमध्ये म्हणाली तेव्हा टेबलाभोवती सगळ्या माना डोलल्या. जेवणाच्या सुट्टीत एकानं तर तोंडावर सांगितलं, “आज कळलं मॅडम, तुम्हालाही मन आहे.” ललिताला बरं वाटलं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

तो प्रोग्राम उभा केला होता पूर्वानं. क्लायंटची माणसं फोनवर तिलाच मागायची. जो जाऊन येईल तो आल्यावर टीमचा प्रमुख होणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. ललितानं पूर्वाला विचारलं नव्हतं. विचारलं तर पोरगी बिचारी ‘हो’ म्हणेल, साहेबाला ‘नाही’ कोण म्हणतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

त्या समजुतीच्या तळाशी ओवी होती, ललिताची मुलगी. ओवी दोन वर्षांची असताना ललिता अशीच परदेशी जाऊन आली. परतली तेव्हा ओवी आजोबांच्या पायांमागे लपली आणि काही केल्या तिच्याकडे येईना. आता ओवी कॉलेजात जाते, तिला ते आठवतही नाही. ललिताला आठवतं. ते ओझं तिनं इतकी वर्षं कुणाला दाखवलं नव्हतं. या वेळी उचलून पूर्वाच्या डोक्यावर ठेवलं आणि त्याला माया म्हटलं.

हे तिच्या लक्षात आणून दिलं ते तिच्या वडिलांनी. भीमराव कारखान्यातून निवृत्त झालेले, रविवारी न चुकता विहारात जाणारे, कमी बोलणारे गृहस्थ. कर्वेनगरच्या घरी रात्री जेवताना त्यांनी लेकीचं सगळं ऐकून घेतलं.

“त्या मुलीनं मागितलं होतं का तुझ्याकडं?”

“नाही. पण तिच्या भल्यासाठीच केलं ना, बाबा.”

“आमचं भलं आम्हाला न विचारता ठरवणारे मी पुष्कळ पाहिलेत,” भीमराव म्हणाले. “भात वाढ थोडा.”

ललितानं भात वाढला.

दुसऱ्या दिवशी तिनं पूर्वाला केबिनमध्ये बोलावलं.

“रागावलीस का?”

“नाही, मॅडम.”

“मला वाटलं, बाळ लहान आहे...”

“विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

“तू ‘हो’च म्हणाली असतीस.”

“हो,” पूर्वा म्हणाली. “तेच म्हणायचं होतं मला.”

ललिताला शरम वाटली. तिनं पूर्वादेखतच फोन उचलला आणि श्रीनिवाससरांना सांगितलं, की नाव बदलायचंय, पूर्वाच जाईल.

“बदलता येईल की,” पलीकडून सर म्हणाले. “तुम्ही हट्टच धरलात तर आत्ता मेल टाकतो. पण एक सांगू, ललिता मॅडम? इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोक तुमच्याबद्दल बरं बोलताहेत. आज नाव फिरवलंत तर उद्या म्हणतील, बाईचं काही खरं नाही, घडीघडीला मत बदलते. शिवाय तान्ह्या पोराला आईपासून तोडल्याचं पाप तुमच्या माथी. बघा बुवा.”

‘हो, हट्ट धरते,’ एवढंच म्हणायचं होतं. एरवी ललितानं भल्याभल्यांपुढे हट्ट धरला होता. पण ते जेवणाच्या सुट्टीतलं कौतुक अजून अंगावर ऊबदार होतं आणि ते उतरवून ठेवायला तिचं मन धजेना.

“राहू दे मग, सर,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पूर्वा समोरच बसली होती. तिनं ऐकलं होतं.

“पुढच्या वेळी नक्की,” ललिता घाईनं म्हणाली. “आणि उद्यापासून तू पाचच्या बसनं निघत जा. बाळाला तेवढंच अंगावर घेता येईल.”

पूर्वा उठली. तिनं ओढणी सारखी केली.

“अंगावरचं तोडलंय मी त्याचं, मॅडम. दिवाळीतच. जायचं होतं ना, म्हणून. कडुनिंबाचा रस लावून तोडलं. रात्र रात्र रडायचा.”

ललितानं फोनकडे पाहिलं.

“यादी लागली त्या दिवशी घरी जाऊन पुन्हा घेऊन पाहिलं,” पूर्वा म्हणाली. “आता तो तोंड लावत नाही.”

तिनं जाताना दार हलकेच ओढून घेतलं. थोड्या वेळानं ललितानं काचेतून पाहिलं. सलिल खुर्ची ओढून पूर्वाच्या शेजारी बसला होता आणि ती त्याला तो प्रोग्राम पहिल्यापासून समजावून सांगत होती.